तफावतीचे कारण

तेराव्याची शेवटची पंगत उठत होती, तेवढ्यात गहिनीनाथ गुरुजींच्या मोबाईलवर सहा आकडी ओटीपी आला.

मोबाईल वर्षाराणीच्या पर्समध्ये होता. माणूस जातो, पण त्याला येणारे फोन थांबत नाहीत. प्रत्येकाला तीच बातमी नव्यानं सांगावी लागते. ते काम आईनं थोरल्या लेकीवर सोपवलं होतं. तेरा दिवसांत वर्षाराणीनं ते वाक्य इतक्यांदा उच्चारलं होतं की आता ते दुसऱ्या कुणाच्या वडिलांबद्दल असल्यासारखं वाटत होतं. तिनं मेसेज वाचला. आदरणीय मुख्याध्यापक, अध्ययन स्तर प्रणालीत प्रवेश करण्यासाठी हा क्रमांक वापरा, कोणालाही सांगू नका.

म्हणजे अण्णांच्या, तिच्या वडिलांच्या, नावानं कुणीतरी आत शिरत होतं.

कोण, ते शोधायला लांब जावं लागलं नाही. मांडवाच्या कडेला आचाऱ्यानं रिकाम्या केलेल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बबनकाका बसले होते. शेजारी तिचा धाकटा भाऊ अभिमन्यू. मुंडन केलेल्या डोक्यावर मामानं सकाळी घातलेली पांढरी टोपी, गळ्यात नवा टॉवेल. दोघांनी एकदमच मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

“आला का गं?” काका म्हणाले. “वाच बरं.”

बबनराव अण्णांचे पाठचे भाऊ आणि अण्णांचे साहेबही. केंद्रप्रमुख म्हणून तलवाड्याच्या बाजूच्या अकरा शाळा त्यांच्याकडं होत्या, त्यातली एक करंजटाकळीची, अण्णांची. घरी थोरल्या भावाच्या बाजेवर कधी न बसणारे बबनराव शाळेत आले की अण्णा खुर्ची सोडून उभे राहत, हा घरातला जुना विनोद होता. सहा वर्षं दोघांनी तो निभावला. यंदाच्या जानेवारीपासून त्यावर कुणी हसलं नव्हतं.

“कशाला पाहिजे?” वर्षाराणीनं विचारलं.

काकांनी समजावून सांगितलं, नव्यानं रुजू झालेल्या शिक्षकाला सांगावं तसं, आवाज न चढवता. अंतिम फेरीची माहिती आज पाचला बंद होणार. पदभार शाळेतल्या बद्रीनाथ सरांकडं दिलाय, पण प्रणालीत नाव बदलायला वरून मंजुरी लागते आणि ती आलेली नाही. प्रणालीच्या लेखी करंजटाकळीचे मुख्याध्यापक अजून गहिनीनाथच आहेत, अजून हयात आहेत, आणि त्यांच्या मोबाईलशिवाय दार उघडत नाही. आता पावणेतीन झालेत.

“आत जाऊन काय भरणार?”

“भरायचं असतंय तेच.”

काय भरायचं असतं ते वर्षाराणीला सांगायची गरज नव्हती. ती स्वतः अंबाजोगाईजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत चौदा वर्षं शिकवत होती. मूल अक्षर ओळखतं, शब्द वाचतं, वाक्य वाचतं, उतारा वाचतं की अख्खी गोष्ट, अशा पाच पायऱ्या. योजना वाईट नव्हती. मूल कुठं अडलंय ते आधी बघा आणि तिथून पुढं शिकवा, यात वाईट काय असणार? पण पायऱ्यांचा नकाशा झाला, नकाशाला रंग आले, आणि दर सोमवारी साहेबलोक रंग बघायला बसू लागले. मग शाळांचे ठिपके भराभर हिरवे झाले. मुलं होती तिथंच राहिली.

करंजटाकळीचा ठिपकाही सव्वा वर्ष हिरवा होता. गेल्या दिवाळीच्या सुमाराला, गावातल्या टोळ्या ऊसतोडीला निघायच्या आधी, अण्णांनी एकेका मुलाला समोर बसवून वाचून घेतलं. आणि जानेवारीत त्यांनी चौसष्टपैकी एकतीस मुलं गोष्टीवरून उचलून शब्दावर आणि अक्षरावर आणून ठेवली. एकतीसही ऊसतोडवाल्यांची. एका दुपारीत ठिपका लाल झाला. नोटीस आली, कर्तव्यात कसूर. फेब्रुवारीतल्या आढावा बैठकीत एका अधिकाऱ्यानं अण्णांना साठ मुख्याध्यापकांपुढं उभं केलं, चौथीचं पुस्तक हातात दिलं आणि म्हणाला, तुमची पोरं वाचत नाहीत, तुम्हाला तरी वाचता येतं का बघू. निवृत्तीला सात महिने राहिलेल्या माणसानं अख्खा उतारा वाचून दाखवला, स्वल्पविरामाला थांबत थांबत. कुणीतरी हसलंही म्हणे. हे तिला बद्रीनाथ सरांनी दहाव्याच्या दिवशी सांगितलं होतं. बबनराव दुसऱ्या रांगेत बसले होते, तेही सांगितलं होतं. त्यानंतर चौथ्या दिवशी अण्णा शाळेतल्या हापशापाशी कोसळले ते उठलेच नाहीत.

“दादा लाल ठिपक्यावर गेले,” काका म्हणाले. “तो तसाच ठिवायचा का आपण? साहेब स्वतः म्हणालेत, शाळा हिरव्यात आणा, महाराष्ट्र दिनाला गुरुजींच्या नावाचा फलक लावू. आणि अभीची फाईल त्यांच्याच टेबलावर हाय.”

ही अनुकंपेची फाईल. बाप नोकरीत असताना गेला तर घरातल्या एकाला सामावून घेतात, त्यासाठीची. अभिमन्यू बत्तीस वर्षांचा होता. डी.एड. झालेला, पात्रता परीक्षा दोनदा पास, भरती वर्षानुवर्षं अडकलेली, एक ठरलेलं लग्न नोकरीपायी मोडलेलं. बाप गेल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याच्याकडून अर्जावर सही घेतली गेली होती आणि तेव्हापासून तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

“त्याच साहेबानं अण्णांना उभं केलं होतं, काका. तुम्ही तिथं होता.”

काकांनी लॅपटॉपकडं पाहिलं. “होतो. मी बी उठलो असतो तर दोघं उभे दिसलो असतो. त्यानं काय झालं असतं?”

“तेवढंच झालं असतं.”

काकांच्या आधी बोलला अभिमन्यू.

“तुला बोलायला काय जातंय, ताई? तुझा पगार होतोय. आणि खरं सांग, तुझ्या वर्गातली किती पोरं गोष्ट वाचत्यात? आणि भरलीस किती?”

वर्षाराणीनं मनात मोजलं. चार. डिसेंबरात चार मुलं तिनं उताऱ्यावरून गोष्टीवर ढकलली होती, शाळा सुटल्यावर, गाडी चुकू नये म्हणून घाईघाईनं. चौथ्या मुलापाशी हात थोडा अडखळला होता, एवढंच तिला आठवलं. त्या रात्री तिला व्यवस्थित झोपही लागली होती.

“बघ,” अभिमन्यू म्हणाला. “सगळीकडं हेच चाललंय. आपल्या बापालाच तेवढा लई खरेपणा आला.”

“त्यांनाबी पहिल्यापासून न्हाई आला,” काकांच्या तोंडून निघून गेलं. बोलून गेल्याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं, पण वर्षाराणीनं नजर काढली नाही, तेव्हा त्यांनी पुढचंही सांगितलं. गेल्याच्या आदल्या दसऱ्याला ती एकतीस मुलं गोष्टीवर चढवली कुणी? अण्णांनीच. बबनरावांच्या समोर बसून, याच लॅपटॉपवर. केंद्रात करंजटाकळी एकटी पिवळी राहिली होती. बबनराव म्हणाले, दादा, माझ्यासाठी करा, आणि दादांनी केलं. वरून आदेश आला म्हणून त्या सगळ्यांची नावंही अण्णांनी स्वतः ब्रशनं शाळेच्या भिंतीवर लिहिली, ‘आमचे वाचनवीर’ अशा मथळ्याखाली.

“ते काय देव नव्हते, पोरी. आपल्यासारखेच होते.”

तेरा दिवस ती ज्या माणसासाठी आतून पेटलेली होती, तो माणूस एका वाक्यात थोडा बाजूला सरकला. राग मात्र होता तिथंच उभा राहिला.

“मग जानेवारीत खाली का आणली?”

“तेच मला कळलं न्हाई. विचारलं तर बोलले न्हाईत. वय झालं होतं म्हण.”

ओटीपीची मुदत संपली होती. काका दुसरा मागवायला निघाले, तेवढ्यात छबुबाई आली. पंगतीची मोठी पातेली घासून झाली होती. ओले हात पदराला पुसत ती मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसली. तिचा लेक आणि सून अजून साखर कारखान्यावर तोडीला होते. दरवर्षी तीही जायची, चौथीतल्या नातीला, करिष्माला, घेऊन. यंदा अण्णांनी दोघींना जाऊ दिलं नव्हतं. पोरीला इथं ठेवा, रोज तासभर जास्तीचं शिकवतो, म्हणाले होते.

“वर्षाताई,” ती म्हणाली, “गुरुजी म्हणले व्हते, पाडव्याला टोळ्या माघारी आल्या की सगळ्या पोरांचा वाचायचा वर्ग घेतो उन्हाळाभर. आता त्यो कोण घेणार?”

काका म्हणाले, बघू, सांगू. वर्षाराणीला ठाऊक होतं की सांगण्यासारखं काही उरणार नाही. उन्हाळी वर्ग मागं पडलेल्या मुलांसाठी मंजूर होतो. हिरव्या शाळेत मागं पडलेलं मूल नसतं, म्हणून वर्गही नसतो. गेल्या उन्हाळ्यात करंजटाकळीला तो याच कारणानं मिळाला नव्हता. आज पाचच्या आत ठिपका हिरवा झाला की यंदाही मिळणार नव्हता.

“करिष्मा वाचते का आता, मावशी?”

“आता जरा जरा. गुरुजींनी ठिवून घेतली म्हणून.” छबुबाई हसली. “तवा कुठं वाचत व्हती? तिच्या वाचण्यापायी मी भावाच्या मातीला मुकले की.”

वर्षाराणीनं तिला नीट सांगायला लावलं.

“गेल्या साली आमी सोलापूरकडं गेलतो तोडीला. पाडवा जवळ आल्ता आन निरोप आला, तलवाड्याचा माझा भाऊ गेला. मी आन करिष्मा दोघीच एसटीनं निघालो. बीडात उतरलो तर ह्या गाड्या उभ्या. मी म्हणलं, वाच गं, आपली कोणती. तिनं बोट केलं, आमी चढलो. उभं ऱ्हायाला जागा न्हाई एवढी गर्दी. कंडक्टर आमच्यापातूर येईस्तवर मांजरसुंब्याचा घाट लागला. सकाळी उतरून आल्तो त्योच घाट. मी म्हणलं, ही गाडी सोलापूरकडं माघारी कावून चढाय लागली?”

“लोकाला विचारायचं ना, मावशी,” अभिमन्यू म्हणाला.

“कावून इचारायचं?” छबुबाई खरोखरच दुखावली. “घरात वाचणारं माणूस आसताना लोकाला इचारू का मी? भितीवर नाव हाय तिचं. गुरुजींच्या हातचं. साऱ्या गावानं बघितलंय.”

मग ती म्हणाली, “तलवाड्यात पोचलो तवर समदं झाल्तं. पोरगी लई रडली. म्हणली, आजे, मला येत न्हाई, पर नाव लिवलंय म्हणून सांगाया लाज वाटली.”

“हे अण्णांना सांगितलंत?”

“सांगितलं की. हसत हसतच सांगितलं, पोरीची गंमत म्हणून. दुसऱ्या दिशी सकाळी बघती तर गुरुजी चुन्याचं डबडं घिऊन एकटेच भित पुसत व्हते.”

बबनकाकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे मला बोलले न्हाईत,” ते म्हणाले. वर्षाराणीला वाटलं, तुम्हाला बोलून काय झालं असतं? पण ते तिनं तोंडात येऊ दिलं नाही. भाऊ गेल्याचं दुःख त्यांनाही होतं. दवाखान्यात नेताना गाडी त्यांनीच चालवली होती.

“ओटीपी मागवा,” ती म्हणाली.

काकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि बटण दाबलं. मोबाईल वाजला. वर्षाराणीनं आकडे वाचून दाखवले नाहीत. तिनं लॅपटॉप स्वतःकडं ओढला आणि आकडे स्वतः घातले.

दार उघडलं. प्रणालीनं श्री. गहिनीनाथ यांचं स्वागत केलं. चौसष्ट नावं खालोखाल आली. काकांच्या फाईलमध्ये बद्रीनाथ सरांनी गेल्या आठवड्यात घेतलेल्या चाचणीचा कागद होता, कुणी बघणार नाही असं समजून प्रामाणिकपणे घेतलेल्या. त्यावर बघून तिनं गावात असलेल्या मुलांचं भरलं. तोडीवर असलेली मुलं अण्णांनी ठेवली होती तिथंच राहू दिली. करिष्मा शब्दावरून वाक्यावर आली होती. तेवढं एक बटण दाबताना तिला बरं वाटलं.

“काय करतीस?” अभिमन्यू खुर्ची सरकवून उठला. “काका, ही काय भरतीय बघा.”

काकांनी पाहिलं. अडवलं नाही.

शेवटी एक चौकट आली. दीड वर्षापूर्वीच्या आणि आताच्या नोंदीत मोठी घट आढळते, तफावतीचे कारण निवडा. अंतिम फेरीत कारण निवडल्याशिवाय माहिती पुढं जात नव्हती. खाली चार पर्याय होते. स्थलांतर. पालकांची उदासीनता. विद्यार्थ्यांची अनियमित उपस्थिती. इतर.

काका तिच्या खांद्यावरून वाचत होते. वाचून झाल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, “भरायचंच आसलं तर पालकांची उदासीनता टाक. खरे आकडे बी जातील, वर्ग बी मिळंल, आणि दादांवर काय येणार न्हाई. साहेब बी तेवढ्यावर गप बसतील. सगळे तेच टाकत्यात.”

ते खोटं बोलत नव्हते. सगळे तेच टाकत होते. वर्षाराणीनंही आपल्या शाळेत टाकलं होतं. एका बोटाचं काम होतं. त्या एका बोटानं मुलांना वर्ग मिळत होता, अण्णांचं नाव राहत होतं, कदाचित अभिमन्यूची फाईलही सरकली असती. उदासीन ठरायचं ते फक्त खांबाला टेकून बसलेल्या म्हातारीनं. आणि तिला ते कधी कळणारही नव्हतं, कारण ते तिला कुणी वाचून दाखवणार नव्हतं.

वर्षाराणीनं ‘इतर’वर बोट ठेवलं. रिकामी जागा उघडली. तिनं लिहिलं: मागील नोंद खोटी होती. ही मुले तेव्हाही वाचत नव्हती. नोंद मी केली होती.

मी म्हणजे अण्णा. ते अण्णांच्या नावानं जाणार होतं.

“माझं नाव घालणार का त्यात?” काकांनी विचारलं. तिनं ते घातलं नाही.

“तू बापाला खोटा ठरवतीस,” अभिमन्यू म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण ओसरीवरच्या बायका बोलायच्या थांबल्या. “आज. तेराव्याला. त्या साहेबानं केलं नसतं ते तू करतीस. आई, इकडं ये. सांग हिला.”

रुक्मिणीबाई ओसरीवरून उठल्या. तेरा दिवसांत त्या फारसं बोलल्या नव्हत्या, आणि बोलल्या तेव्हा अभिमन्यूचंच बोलल्या होत्या: पोराचं मार्गी लागलं पाहिजे. मांडवातून त्या सावकाश चालत आल्या. काकांनी त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

“वाच काय लिहिलंस,” त्या वर्षाराणीला म्हणाल्या.

तिनं वाचलं. तीन लहान वाक्यं होती. वाचताना तिला जाणवलं की आपणही स्वल्पविराम नसताना थांबतोय.

“हेच लिहितो म्हणत होते,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “गेल्या पाडव्यापासून. रोज जेवताना तेच. मीच हात धरला त्यांचा. म्हणलं, अभीचं कुठं लागू द्या, मग काय लिहायचं ते लिहा. दिवाळी गेली, पोरं तोडीला गेली, तरी मी सोडलं न्हाई. मग शेवटी माझ्या शब्दासाठी निम्मंच केलं. पोरं खाली आणली, पण कशानं ते लिहिलं न्हाई.” त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. “लिहिलं असतं तर त्या बैठकीत उभं राहून सांगता तरी आलं असतं. मुक्यानं उभं राहावं लागलं माझ्यामुळं.”

“आई, तसं नसतं,” वर्षाराणी म्हणाली.

“तसंच हाय.”

बबनकाका पुढं झाले. “वैनी, ऐका माझं. हे गेलं की नोटीस निघंल. चौकशी लागंल. मेलेल्या माणसाच्या नावानं नोटीस यील घरी.”

“येऊ द्या. मला यील.” रुक्मिणीबाईंनी दिराकडं सरळ पाहिलं, एरवी त्या पदर पुढं ओढून बोलत. “वारस म्हणून तुम्हीच लावलं ना माझं नाव कागदाला? मग त्यांच्या पेन्शनला मी वारस, तशी ह्यालाबी मीच. तवा निम्मं माझ्यामुळं राहिलं. आता पुरं जाऊ दे. पाठव गं.”

वर्षाराणीनं बटण दाबलं. चौकट थोडा वेळ गोल गोल फिरली, मग प्रणालीनं मुख्याध्यापकांचे आभार मानले आणि जिल्ह्याचा नकाशा उघडला.

अभिमन्यू गळ्यातला टॉवेल काढून खुर्चीवर टाकून मांडवाबाहेर गेला. सगळ्यांना वाटलं, आई त्याच्यामागं जाईल. ती गेली नाही. ती लॅपटॉपच्या पडद्याजवळ वाकली. गोदावरीच्या निळ्या रेघेखाली हिरव्या ठिपक्यांचा दाट घोळका होता आणि त्यात एकच लाल.

“हीच का आपली शाळा?” तिनं विचारलं, आणि त्यावर बोट ठेवलं.